म्हस बरी हाय

सातारा जिल्ह्यात पोरगं फौजेत भरती झालं की घरचे पेढे वाटतात आणि पेढा खाणारा प्रत्येक जण जाताना एक सल्ला ठेवून जातो. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. आमचं गाव एवढं नामांकित नाही, पण पारावर संध्याकाळी जे बसतात त्यातल्या निम्म्यांना सरकार पेन्शन देतं आणि उरलेल्या निम्म्यांना हे पेन्शनवाले फुकट ज्ञान देतात. माझा पुतण्या, घरातला बारक्या, भरती झाला तेव्हा हे सगळं ज्ञान आमच्या ओसरीवर येऊन बसलं.

खरं तर बारक्याच्या भरतीआधीच आमची भरती झाली होती. आता आधी ऑनलाइन परीक्षा असते, मग मैदान. मैदानात १६०० मीटर पळायचं. साडेपाच मिनिटांत आलं तर पूर्ण ६० गुण. बीमला दहा वेळा हनुवटी वर काढली की ४० गुण. नऊ फुटी खड्डा आणि वाकडीतिकडी फळी यांना गुण नाहीत, पण पडलं तर घरी. या आकड्यांवर आमचं घर दीड वर्ष जगलं. पहाटे बारक्या डांबरी रस्त्यानं पळायचा, मागून दादा, म्हणजे त्याचे वडील, मोटरसायकलवर दिवा लावून, हातात घड्याळ, आणि त्यांच्या मागं गावातली कुत्री. कुत्र्यांमुळं शेवटच्या चारशे मीटरला त्याचा वेग सुधारला, असं माझं प्रामाणिक मत आहे. आईचं, म्हणजे त्याच्या आजीचं, या खेळाबद्दल मत वाईट होतं. तालुक्याच्या मैदानावर त्याला चार फेऱ्या मारताना तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "एवढं पळून शेवटी जितनं निघाला तितंच आला की!"

या मोहिमेत सर्वात मोठा वाटा म्हशीचा. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर धारोष्ण दूध बारक्याचं, उरलं तर डेअरीचं, त्यातून उरलं तर आमच्या चहाचं. म्हशीला चारायला, धुवायला, तिच्याशी बोलायला तोच. दहावीनंतर त्याचं घरात जे काही बोलणं होतं ते मुख्यतः गोठ्यात होतं.

निवड झाली आणि पेढे सुटले. शेजारच्या अण्णांनी पेढा तोंडात असतानाच विचारलं, "पण चार वर्सांनी काय?" अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक अग्निवीराच्या घरी पेढ्याबरोबर येतो. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले ९ हजार सेवानिधीत, हातात २१ हजार. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढं राहणार आणि बाकीचे पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम घेऊन परत. हा हिशेब गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. प्रश्न चुकीचा नाही. मलाही तो पडतो आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. पण विचारायची एक वेळ असते. निदान पेढा गिळावा.

जायचं होतं बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला. रेजिमेंटचा जन्म १७६८ चा. सर्वात जुन्या पहिल्या बटालियनला 'जंगी पलटण' म्हणतात. या गोष्टी आम्हाला सुभेदारआबांनी सांगितल्या. सुभेदारआबा आमच्या मागच्या आळीला राहतात. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला, पण निवृत्तीची बातमी त्यांच्या मिशांपर्यंत अजून पोचलेली नाही. बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात, यावर दादा आणि अण्णांची जुंपली तेव्हा आबांनी दोघांना गप्प केलं, "बेळगाव फौजेत हाय." आईला एवढंच कळत होतं की बेळगाव म्हणजे कुंदा, आणि जिथला कुंदा चांगला तिथली माणसं वाईट नसणार.

मग ट्रंक. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव. वहिनींनी ती आतून लोणचं, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, विक्स, कैलास जीवन आणि तीन देवांच्या अंगाऱ्यानं भरली. कागदपत्रांना जागा उरली नाही. सुभेदारआबा तपासणीला आले. दोन्ही हात मागं बांधून ट्रंकेभोवती फिरले. "हे काय?" म्हणत एकेक वस्तू बाहेर काढत गेले. अंगारा राहिला, विक्स राहिलं, दाढीचं सामान आत गेलं. बारक्याच्या हनुवटीवर तेव्हा मोजून चार केस होते. आबा म्हणाले, "चार असूं द्या न्हाईतर चाळीस, रोज सकाळी काढावंच लागतं." लाडूंचा डबा त्यांनी जप्त केला आणि जप्त माल घरी घेऊन गेले.

निघायच्या आदल्या रात्री आबांनी आम्हा घरच्यांची वेगळी बैठक घेतली. बारक्याला बाहेर पिटाळलं. म्हणाले, "त्याला शिकवायला तिकडं उस्ताद हायती. तुमाला शिकवायला मी." आणि नियम सांगितले. फोन रविवारी येईल, वेळ ठरलेली नसेल. फोनवर रडायचं नाही. 'परत ये' असं चुकूनही म्हणायचं नाही. पहिला महिना पोरगं रडवेलं असतं, तिकडं लक्ष द्यायचं नाही. आणि गावातली वाईट बातमी सांगायची नाही. "म्हस मेली तरी सांगायचं न्हाई," आबा म्हणाले.

हे वाक्य त्यांनी उदाहरणादाखल उच्चारलं होतं.

रविवार हा आमच्याकडं पूर्वी मटणाचा वार होता. तो फोनाचा वार झाला. आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त माजघराच्या खिडकीत येते, म्हणून सकाळपासून फोन खिडकीत आणि वहिनी फोनसमोर. दादा आंघोळीला जाताना सांगून जायचे. नंबर दर वेळी वेगळा असायचा, त्यामुळं कोणताही अनोळखी नंबर हा बारक्याच. पहिल्या रविवारी दहाच्या सुमाराला फोन वाजला, वहिनींनी उचलला आणि समोरच्याला बोलूच न देता विचारलं, "बाळा, जेवलास का?" पलीकडून पर्सनल लोन विकणारा पोरगा होता. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "नाही ताई, अजून नाही." वहिनींनी त्याला वेळेवर जेवायला सांगितलं, अंगावर काढू नको म्हणाल्या आणि मगच ठेवला. तो पुढंही दोन-तीन रविवारी फोन करत होता. कर्ज घ्या असं त्यानं परत कधी म्हटलं नाही.

खरा फोन यायचा तो पाच-सात मिनिटांचा. मागं रांग असायची, पुढच्याचा आवाज ऐकू यायचा. या पाच-सात मिनिटांची वाटणी हा घरातला पहिला मोठा कलह. वहिनींना निम्मा वेळ, हे सर्वमान्य. उरलेल्यात दादा, आई, मी, माझी बायको, आणि डोंबिवलीहून दुसऱ्या फोनवर जोडली गेलेली आमची बहीण, म्हणजे त्याची आत्या. आत्याला ऐकू येत नसे, त्यामुळं तिचा सगळा वेळ "हॅलो, हॅलो" यातच जायचा, तरी फोन झाल्यावर ती म्हणायची, "आवाज सुधारलाय पोराचा." आई विचारायची ते उस्तादाबद्दल. उस्ताद कुठला, लग्न झालंय का, पोरं किती. तिचं म्हणणं, पोरंबाळं असलेला माणूस दुसऱ्याच्या पोराला फार पळवत नाही. हे तिचं गणित साफ चुकलं, पण पूर्ण आठवडा ती त्या आधारावर शांत असायची.

आणि दादा. सहा दिवस दादा मनात जुळवाजुळव करायचे. पोराला धीर कसा द्यायचा, कष्टाचं महत्त्व कसं सांगायचं. एकदा तर मी त्यांना डेअरीच्या पावतीमागं मुद्दे लिहिताना पाहिलं. फोन हातात आला की घसा खाकरून विचारायचे, "पाऊस हाय का तिकडं?" तो म्हणायचा, "हाय." दादा म्हणायचे, "हितं न्हाई." आणि फोन वहिनींकडं. बेळगावचं हवामान त्या काळात आमच्याइतकं महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नसेल.

बारक्याचं उत्तर कायम एकच: "बरंय." जेवण? बरंय. झोप? बरंय. पाय दुखतात का? बरंय. या एका शब्दावर आठवडाभर काथ्याकूट चालायचा. वहिनींनी त्याचे प्रकार पाडले होते. झटकन आलेलं 'बरंय' म्हणजे रांगेत मागं कोणी उभं आहे. लांबलेलं 'बरं...य' म्हणजे घरची आठवण. आणि आधी खोकून आलेलं म्हणजे काहीतरी लपवतोय. सुभेदारआबा हे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरंय म्हनला न्हवं? मग बरंय."

हळूहळू थोडं थोडं आतलं कळायला लागलं. पहाटे उठून पीटी, मग ड्रिल, मग हत्यार शिकणं, दुपारून मैदान, रात्री गिनती. चादरीला सुरकुती चालत नाही. बूट असे चमकवायचे की त्यात उस्तादाला स्वतःची मिशी दिसली पाहिजे. एका रविवारी तो हसत हसत म्हणाला की एक जण फॉल-इनला उशिरा आला म्हणून सगळ्यांना रगडा मिळाला, अख्ख्या मैदानात कोलांट्या. वहिनींना हे पटलं नाही. "चूक एकाची आन् शिक्षा सगळ्यांना? हा कुटला न्याय?" आबांनी समजावलं की दुसऱ्या दिवशी त्या एकाला उस्तादानं उठवायची गरज लागत नाही, बाकीचे उठवतात. वहिनी विचारात पडल्या. त्या आठवड्यात दादा पारावरून उशिरा जेवायला आले तर घरात कुणालाच चहा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी स्वतः दादांना आणायला गेलो. फौजेची पद्धत चालते, यात शंका नाही. आमच्या घरात ती अजून चालू आहे.

आता म्हैस.

बारक्या गेल्यावर तिची उठबस करायला माणूस राहिला नाही. दादांचा गुडघा धरलेला, माझी नोकरी साताऱ्याला, वहिनी एकट्या. म्हैसही रुसली होती. दुसऱ्या कुणाला धार देताना लाथ घालायची. शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या एका पाव्हण्यांनी घर बघितलं, भाव बघितला आणि म्हैस नेली. चांगल्या घरी पडली, एवढंच समाधान. त्याच रविवारी फोन आला आणि वहिनींच्या निम्म्या वेळात बारक्यानं प्रथमच आपण होऊन प्रश्न विचारला, "म्हस कशी हाय?"

माजघरात शांतता. वहिनींनी आबांचा नियम आठवला, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "म्हस बरी हाय."

इथपर्यंत ठीक होतं. पण दर रविवारी तो विचारायचा आणि दर रविवारी फोन वेगळ्याच्या हातात असायचा. दादांनी एकदा पावसानंतर सांगितलं की दूध वाढलंय. पुढच्या रविवारी मी, आधीचं काय ठरलंय ते न विचारता, आटत आलीय म्हणालो. माझ्या बायकोनं तिला ताप येऊन गेल्याचं सांगितलं आणि डॉक्टरचं बिलही सांगितलं. डोंबिवलीच्या आत्याला म्हैस विकल्याचं कुणी कळवलंच नव्हतं, त्यामुळं तिनं एकटीनं जे सांगितलं ते मनापासून होतं. मग वहिनींनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रविवारच्या चौकटीत म्हशीची तब्येत लिहायला सुरुवात केली, म्हणजे पुढच्याला संदर्भ राहील. तरीही एका रविवारी फोन आईच्या हातात गेला. तिला कॅलेंडर वाचता येत नाही. तिनं सांगून टाकलं, "आरं, म्हस व्याली! रेडकू झालंय! पांढऱ्या कपाळाचं!"

एवढं बोलून तिनं समाधानानं फोन ठेवला. रेडकाच्या कपाळाची काय गरज होती, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लांब हाय पोरगं. काय तरी गोड नको का सांगायला?"

सहा-सात महिने असे गेले आणि कसम परेडचं बोलावणं आलं. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर केला. पुणे-बेंगलोर रस्त्यानं कोल्हापूर, निपाणी करत पहाटे बेळगाव. सुभेदारआबा मेडल लावून पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला दर दहा मिनिटांनी हुकूम. मैदानाच्या कडेला बसलो आणि बँड सुरू झाला. पोरं आली. सगळ्यांच्या टोप्या सारख्या, सगळ्यांच्या माना सारख्या, पाय एकदम उठतात, एकदम पडतात. आणि सगळी सारखीच काळवंडलेली. आमचा कोणता? दादा म्हणाले दुसऱ्या रांगेतला. मी म्हणालो चौथ्या. आत्याला तो दोन ठिकाणी दिसला. वहिनींनी मात्र तिसऱ्या रांगेतल्या कडेच्याला ओळखलं आणि त्याच्याकडं बघून शांतपणे, पदर न लावता, खूप रडल्या. तिरंग्यासमोर शपथ झाली, रेजिमेंटची 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' उठली आणि माझ्याही घशाशी काहीतरी आलं. तो कडेचा पोरगा भंडाऱ्याचा निघाला. त्याची आई पलीकडच्या बाजूला बसून आमच्या बारक्याकडं बघून रडत होती. दोन्ही बायांची नंतर ओळख झाली. हिशेब जुळला, कुणाचे अश्रू वाया गेले नाहीत.

परेडीनंतर आईबापांच्या छातीवर गौरव पदक लावतात. दादा हे ऐकून टेम्पोत जाऊन बसले होते. त्यांना आबांनी हुकूम देऊन आणलं. पदक लावताना दादा इतके ताठ उभे राहिले की अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, आपणही फौजेत होतात का. दादा म्हणाले, "न्हाई साहेब, घड्याळ धरायला होतो."

मग रजेवर तो घरी आला. पहाटे पाचला उठला, पांघरूण घडी घालून चौकोनी करून ठेवलं, चार केसांची दाढी केली, जेवायला बसला तो आम्ही वरणावर तूप घालेपर्यंत उठला आणि ताट स्वतः घासून ठेवलं. वहिनी हे सगळं दाराआडून बघत होत्या. ज्या सवयी लावण्यासाठी त्यांनी अठरा वर्षं घसा कोरडा केला त्या उस्तादानं काही आठवड्यांत लावल्या होत्या. त्यांना याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवसभर धुसफुसत होत्या. "माझं ऐकलं नाय कवा. कोण कुटला उस्ताद, त्याचं ऐकलं."

दुपारी तो गोठ्याकडं निघाला. आम्ही सगळे ओसरीवर. कुणी कुणाकडं बघेना. वहिनी काहीतरी चिरायच्या निमित्तानं आत गेल्या. तो रिकाम्या दावणीपाशी उभा राहिला, वळला, आणि ओसरीवर येऊन बसला.

"चांगल्या घरी हाय ती," तो म्हणाला. "रोज सात लिटर देती."

आम्ही गार. दादांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या शेजारच्या खाटंवर जो पोरगा होता ना, त्येच्या मामानं घेतलीय. तिसऱ्याच आठवड्यात कळलं."

वहिनी विळी तशीच हातात घेऊन बाहेर आल्या. "बरं मग. आन् तुझी नडगी सुजली हुती, चार दिस तू पळाला न्हाईस, उस्तादानं तुला लंगरात बटाटं सोलायला बसवलं, ते?"

बारक्या उभा राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"त्या मामाच्या बायकूनं. म्हशीची पेंड कुटनं घ्यायची ते इचारायला फोन करती की ती मला."

म्हणजे त्याला म्हशीचं ठाऊक होतं, वहिनींना नडगीचं ठाऊक होतं, आणि दोघं दर रविवारी एकमेकांना सगळं बरं असल्याचं सांगत होते. मधल्यामध्ये कॅलेंडर लिहिणारे आम्ही तेवढे खरे रंगरूट.

आई इतका वेळ गप्प होती. तिनं विचारलं, "आरं मग ठाऊक हुतं तर दर ऐतवारी म्हस कशी हाय, म्हस कशी हाय, कशाला इचारत हुतास?"

"तुमी काय नवं सांगताय ते ऐकायला," तो म्हणाला. "मी फोन ठेवला की सगळी वाट बघत असायची. आन् आज्जी, तू रेडकू झाल्याचं सांगितलंस ना, त्या राती अख्ख्या बरॅकीनं माझ्याकडं पेढं मागितलं. अजून मागत्यात. जाताना घेऊन जायचं हायत."

आई उठली. कनवटीचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवत म्हणाली, "कंदी पेढं ने. रेडकू पांढऱ्या कपाळाचं हाय."